अर्थसंकल्पावर विनोद कसा करावा: पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

१ फेब्रुवारीला केंद्राचा अर्थसंकल्प येतो आणि मार्चमध्ये महाराष्ट्राचा. या दिवसांत पुष्कळ नव्या मंडळींना काहीतरी विनोदी लिहावंसं वाटतं. कुणाला सोसायटीच्या कार्यक्रमात दहा मिनिटांचं प्रहसन बसवायचं असतं, कुणाला स्टँडअपला नवा मजकूर हवा असतो, कुणी व्यंगचित्र काढतं, कुणाला नुसतं स्टेटस टाकायचं असतं. आणि दुपारी एक वाजेपर्यंत बहुतेकांची गाडी गाजरावर येऊन थांबते. हा लेख त्या सगळ्यांसाठी आहे.

माझं म्हणणं एवढंच, की अर्थसंकल्पातला विनोद अर्थसंकल्पाच्या कागदांतच असतो आणि तो तिथेच शोधायला हवा. खऱ्या आकड्यावर हसलेला माणूस तो आकडा विसरत नाही. तूट, व्याज, अनुदान हे शब्द ऐकले की जे लोक चॅनेल बदलतात, त्यांच्यापर्यंत हा विषय पोचवायचा फार चांगला रस्ता म्हणजे विनोद. म्हणूनच हे काम मन लावून करावं असं मला वाटतं. पुढच्या पायऱ्या त्यासाठी.

पायरी १ : कोणाच्या हातात काय आहे ते आधी समजून घ्या

नव्या लेखकाचा विनोद सर्वांत जास्त वेळा इथेच फसतो. "बजेटमध्ये बिस्किटं महागली" असं लिहून तो मोकळा होतो, आणि ऐकणाऱ्यांतला एखादा हिशेबनीस लगेच म्हणतो, बिस्किटांचा दर बजेटमध्ये ठरतच नाही.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. त्याआधी अर्थसंकल्पात उत्पादन शुल्क आणि सेवाकर बदलायचे, म्हणून "काय स्वस्त, काय महाग" ही यादी लांबलचक असायची. आता जीएसटीचे दर जीएसटी परिषद ठरवते. केंद्रीय अर्थमंत्री तिच्या अध्यक्षस्थानी असतात आणि राज्यांचे मंत्री सदस्य. परिषदेच्या बैठका वर्षात केव्हाही होतात. त्यामुळे केंद्राच्या अर्थसंकल्पात तुमच्या कामाचं मुख्यतः दोन ठिकाणी सापडेल: प्राप्तिकर आणि सीमाशुल्क. राज्याकडे पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, घराच्या खरेदीवरचं मुद्रांक शुल्क, गाड्यांवरचा कर आणि व्यवसायकर.

पॉपकॉर्नचा विनोद आठवत असेल. मीठ-मसाला लावलेले सुटे पॉपकॉर्न ५ टक्के, तेच पाकीटबंद आणि लेबल लावलेले १२ टक्के, कॅरमल असेल तर १८ टक्के. देशभर त्यावर लोक हसले. पण तो खुलासा झाला २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेरला, जीएसटी परिषदेच्या ५५व्या बैठकीत. अर्थसंकल्पाशी त्याचा संबंध नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये दरांची फेररचना होऊन १२ टक्क्यांचा टप्पाच गेला, त्यामुळे तो विनोद आज जसाच्या तसा चालायचा नाही. प्रहसनात तो घ्यायचाच असेल तर तारखेसकट घ्या.

पायरी २ : कागद उतरवून घ्या

भाषण संपताच केंद्राची सगळी कागदपत्रं इंडियाबजेट डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर येतात, इंग्रजीत आणि हिंदीत. ढीग बघून घाबरू नका. सुरुवातीला तीन कागद पुरतात: अर्थमंत्र्यांचं भाषण, "बजेट ॲट अ ग्लान्स" ही पातळ पुस्तिका, आणि वित्त विधेयकातले बदल सोप्या शब्दांत सांगणारं स्पष्टीकरणात्मक निवेदन. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाचं भाषण मराठीतच असतं. त्याच्या जोडीला वार्षिक वित्तविषयक विवरणपत्र घ्या, आणि आधीच्या काही दिवसांत सभागृहात मांडला जाणारा आर्थिक पाहणी अहवाल.

पुस्तिकेत आकड्यांचे चार रकाने दिसतील: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. बातम्यांत शेवटचा रकाना गाजतो. विनोद करणाऱ्याने मधल्या दोन रकान्यांत जाऊन बसावं. सांगितलं काय आणि झालं काय, यातलं अंतर तिथे सरकारच्याच अक्षरात लिहिलेलं असतं.

मला सर्वांत आवडतं ते २०२४ चं उदाहरण. २३ जुलै २०२४ च्या भाषणात निर्मला सीतारामन यांनी भांडवली खर्चासाठी, म्हणजे रस्ते, पूल अशा टिकाऊ कामांसाठी, ११,११,१११ कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा कोटी! आपल्याकडे लग्नाच्या आहेराचं पाकीट नेमकं असंच असतं, वर एक रुपया चिकटवलेलं. पुढच्या फेब्रुवारीत सुधारित अंदाज आला तो सुमारे १०.१८ लाख कोटींचा. आता प्रवेश लिहायला घ्या: कार्यालयात वही घेऊन बसलेले काका आहेर नोंदवतात, "अकराशे अकरा, वऱ्हाडाकडून." रात्री पाकीट उघडतात तर आत एक हजार अठरा. काका चष्मा पुसतात, पुन्हा मोजतात, आणि वहीत रकाना आखतात: "सुधारित". हा प्रवेश कुठल्याही पक्षाच्या माणसासमोर करता येतो, कारण दोन्ही आकडे सरकारी पुस्तिकेतले आहेत.

त्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती आणि पहिल्या काही महिन्यांत सरकारी कामं मंदावली होती, हे मात्र लेखकाला माहीत हवं. प्रवेशात ते आलंच पाहिजे असं नाही. पण प्रयोगानंतर कुणी विचारलं तर उत्तर तयार असावं.

पायरी ३ : भाषण वही-पेन घेऊन ऐका

केंद्राचं भाषण सकाळी ११ ला सुरू होतं. १९९८ पर्यंत ते संध्याकाळी ५ ला व्हायचं. यशवंत सिन्हांनी ती वेळ बदलली. २०१७ पासून तारीख फेब्रुवारीअखेरीवरून १ फेब्रुवारीवर आली आणि रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्पही बंद झाला. भाषणाचे दोन भाग असतात. पहिल्यात योजना आणि तरतुदी, दुसऱ्यात कर. घरोघरी ज्याची वाट बघतात तो भाग सर्वांत शेवटी येतो, म्हणून शेवटचा अर्धा तास अजिबात सोडू नका.

छापील भाषणात प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक असतो. टिपण काढताना तो क्रमांक लिहून ठेवा. "मंत्री असं म्हणालेच नाहीत" या वादावर त्याच्याइतकं चांगलं औषध नाही.

लांबीतही गंमत असते. १९७७ मध्ये हिरुभाई पटेलांनी अंतरिम अर्थसंकल्प मांडला तेव्हा भाषण जेमतेम आठशे शब्दांचं होतं. २०२० मध्ये सीतारामन यांचं भाषण पावणेतीन तासांच्या जवळ गेलं, प्रकृती बिघडली आणि शेवटची पानं न वाचताच सभागृहापुढे ठेवावी लागली. एका टोकाला आठशे शब्द आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ पावणेतीन तास. दोन मंत्री समोरासमोर उभे करून यावर छान संवाद लिहिता येईल.

कविता कुठे येते तेही टिपा. १९९१ च्या ऐतिहासिक भाषणाचा शेवट मनमोहन सिंगांनी व्हिक्टर ह्यूगोच्या विचाराने केला होता. २०२५ मध्ये गुरजाडा अप्पाराव या तेलुगू कवीची ओळ आली. आपल्या विधानसभेत अभंग येतात, शेर येतात. राज्यसभेत रामदास आठवले बोलायला उभे राहिले की यमकावर दोन्ही बाजू हसतात. कवितेनंतर लगेच कोणती घोषणा आली आणि बाकं कुणी वाजवली, एवढं टिपलंत तरी एका छोट्या प्रवेशाचा कच्चा माल जमतो.

पायरी ४ : आकडा माणसाच्या मापाचा करा

एक लाख कोटी म्हणजे एकावर बारा शून्यं. रंगमंचावरून हे सांगितलं तर प्रेक्षक नुसते बघत राहतात. भागाकार करा. १० मार्च २०२५ रोजी अजित पवारांनी मांडलेला राज्याचा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटी रुपयांचा होता. २०११ च्या जनगणनेतल्या सव्वाअकरा कोटी लोकसंख्येने भागलं तर माणशी साधारण ६२ हजार रुपये येतात. केंद्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा. १४० कोटींनी भागलं तर माणशी ३६ हजारांच्या आसपास. या दोन आकड्यांची बेरीज मात्र करू नका. केंद्राचा बराचसा पैसा अनुदानं आणि योजनांतून राज्याच्या अर्थसंकल्पात पुन्हा मोजला जातो.

दुसरी सोय सरकारनेच करून ठेवली आहे: रुपया येतो कुठून, जातो कुठे. २०२५-२६ मध्ये रुपयातले २४ पैसे कर्जातून येणार होते, २२ पैसे प्राप्तिकरातून, १८ जीएसटीतून, १७ कंपनी करातून, उरलेले इतर चार वाटांनी. जाताना २२ पैसे करांचा वाटा म्हणून राज्यांकडे आणि २० पैसे व्याजात. पैशांची ही भाषा प्रहसनाला फार सोयीची आहे, कारण एकेक पैसा एकेक पात्र होऊ शकतो. आठ नट घ्या, प्रत्येकाच्या गळ्यात आपापल्या पैशांची पाटी घाला आणि त्यांची रांग लावा. प्राप्तिकराची पाटी घातलेला कंपनी कराकडे वळून विचारतो, "तुम्ही माझ्या मागे कसे?" यापुढे दिग्दर्शकाला फारसं काही करावं लागत नाही.

आकडे लोकांपर्यंत पोचवण्यात कायदेपंडित नानी पालखीवालांसारखा दुसरा माणूस क्वचितच झाला असेल. १९५८ साली मुंबईच्या ग्रीन्स हॉटेलातल्या छोट्या सभागृहात त्यांनी अर्थसंकल्पावर बोलायला सुरुवात केली. पुढे श्रोते एवढे वाढले की ब्रेबॉर्न स्टेडियम घ्यावं लागलं. कागद न बघता ते आकडे सांगत आणि स्टेडियमभर पसरलेली माणसं करांवरचं भाषण ऐकायला बसून राहत. या विषयाला प्रेक्षक नाही असं कुणी म्हणालं तर ब्रेबॉर्नचं नाव सांगा.

पायरी ५ : आता लिहा

पद्धत अशी. आधी कागदावर नुसतं तथ्य लिहा, एका वाक्यात, विशेषणाशिवाय. मग विचार करा, हे वाक्य कुणाच्या कानावर पडलं तर गंमत होईल? अर्थतज्ज्ञाच्या कानावर पडून काही होत नाही. पगाराची स्लिप बघणारी सून, पतसंस्थेतला क्लार्क, पेन्शनीतले आजोबा, वाण्याच्या दुकानातला पोरगा, यांच्या कानावर पडू द्या.

तथ्य : २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर भरावा लागत नाही.

नात : आजोबा, बारा लाखांपर्यंत कर नाही!
आजोबा : वा! आता माझ्या पेन्शनीचे बारा लाख व्हायला किती वर्षं लागतील तेवढं काढ.

तथ्य : महाराष्ट्रात पगारातून व्यवसायकर महिना २०० रुपये कापला जातो आणि फेब्रुवारीत ३००. राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे धरले की हिशेब बरोबर बसतो.

सून : अहो, वर्षातला सर्वांत छोटा महिना आणि कर सर्वांत मोठा?
नवरा : फेब्रुवारीत सुट्ट्या कमी असतात, म्हणून असेल.
सून : मग लीप वर्षात दहा रुपये परत द्या म्हणावं!

या करावर तर मी एक पूर्ण प्रहसन लिहायला सांगेन. रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून तो १९७५ साली महाराष्ट्रात आला. दुष्काळात गावाकडे खडी फोडणाऱ्या हातांची मजुरी शहरातल्या कारकुनाच्या पगारातून जावी, ही कल्पना आपल्या राज्याची आहे आणि ती मला आजही थोर वाटते. २०२३ च्या अर्थसंकल्पात महिलांसाठी सवलतीची मर्यादा महिना १० हजारांवरून २५ हजारांवर गेली, तेव्हा वरच्या संवादातल्या सुनेचा पगार किती ते आधी ठरवून घ्या.

तथ्य : १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना, सर्वांत वरच्या टप्प्यावरचा प्राप्तिकर अधिभारासकट ९७.७५ टक्के होता.

म्हणजे त्या टप्प्यात मिळवलेल्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हाती. "दोन पूर्णांक पंचवीस" असं रंगमंचावर कुणी म्हटलं तर हशा येत नाही. "सव्वादोन" म्हटलं की येतो. सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन हे अपूर्णांक मराठी कानाला घरचे आहेत, ते भरपूर वापरा. आणि आकडा वाक्याच्या शेवटी ठेवा, म्हणजे हशा आणि माहिती एकाच क्षणी पोचतात.

चव्हाणांवरून आठवलं. दिल्लीत अर्थमंत्री झालेली मराठी माणसं हा नाटकासाठी स्वतंत्र विषय आहे: चिंतामणराव देशमुख, यशवंतराव चव्हाण, शंकरराव चव्हाण, मधु दंडवते. दंडवत्यांनी त्याआधी रेल्वेमंत्री म्हणून दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोम घातला आणि १९९० मध्ये अर्थमंत्री म्हणून सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करत असल्याचं जाहीर केलं. बसायला फोम आणि घालायला सोनं! एवढं देणाऱ्या मंत्र्याला हसत हसत सलाम करणारा प्रवेश कुणीतरी लिहावा अशी माझी फार इच्छा आहे.

पायरी ६ : बाहेर पाठवण्याआधी तपासा

बारा लाखांच्या बाबतीत एक विनोद हमखास सुचतो: बारा लाखांवर कर शून्य, आणि एक रुपया जास्त मिळवला तर साठ हजार! सुचायला सोपा, पण चुकीचा. बारा लाखांवरचा हिशेबी कर ६० हजार येतो हे खरं, आणि तो करसवलतीने माफ होतो. पण थोडं जास्त उत्पन्न असलेल्यांसाठी सीमांत सवलत आहे. १२ लाख १० हजार उत्पन्न असेल तर टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० रुपये निघतो, प्रत्यक्षात मात्र तो वरच्या १० हजारांपुरताच मर्यादित होतो. त्यावर उपकर वेगळा. खरा विनोद त्या दहा हजारांत आहे. पगारवाढ झालेला कर्मचारी पेढे वाटतो आणि वाढ जशीच्या तशी करात जाते. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही रेषा पावणेतेरा लाखांवर आहे, हे संवादात सांभाळा.

दुसरं उदाहरण मोरारजी देसाईंचं. त्यांचा वाढदिवस २९ फेब्रुवारीचा. त्यांनी १९६४ आणि १९६८ या दोन वर्षी वाढदिवशी अर्थसंकल्प मांडला, असं अनेक ठिकाणी छापलेलं सापडतं. पण १९६४ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी होते, मोरारजींनी १९६३ मध्येच मंत्रिमंडळ सोडलं होतं. त्यांची वाढदिवसाची दोन भाषणं १९६० आणि १९६८ ची. स्वतःच्या वाढदिवशी देशाला कर वाटणारा मंत्री ही कल्पना इतकी छान आहे, की चुकीच्या सालामुळे ती वाया जाऊ देऊ नका.

पायरी ७ : हे टाळा

गाजर, हलवा, वाटाण्याच्या अक्षता, तोंडाला पुसलेली पानं. या चौघांना थोडी विश्रांती द्या. हलवा घ्यायचाच असेल तर त्यामागची खरी गोष्ट घ्या: भाषणाआधी अधिकाऱ्यांना कोंडून ठेवायची पद्धत असते आणि त्या कोंडवाड्याची सुरुवात हलव्याने होते. घरच्यांशी बोलणं बंद झालेला अधिकारी आणि बाहेर गॅस सिलिंडर संपलेली त्याची बायको, एवढं पुरे.

मंत्र्यांच्या दिसण्यावर, बोलण्याच्या लकबीवर, जातीवर काहीही नको. साडीची चर्चा दरवर्षी होते. २०२५ मध्ये दुलारी देवी या कलावतीने दिलेली मधुबनी चित्रांची साडी नेसून अर्थमंत्री आल्या आणि भाषणात बिहारसाठी मखाना मंडळ जाहीर झालं. या दोन्हींतून दिलेल्या राजकीय संदेशावर लिहा. साडी नेसणाऱ्या बाईवर लिहू नका. आणि शेतकऱ्याच्या मरणावर विनोद होत नाही. कर्जमाफीच्या अर्जाला जोडायच्या कागदांच्या यादीवर होतो, तो जरूर करा.

पायरी ८ : भाषण झालं तरी वही मिटू नका

सगळे दोन दिवसांत थांबतात, आणि खरा खजिना त्यानंतर उघडतो. लोकसभेत खात्यांच्या मागण्यांवर, म्हणजे खर्चासाठी मागितलेल्या रकमांवर, सदस्य कपात सूचना देतात. धोरणच नामंजूर असेल तर "मागणी १ रुपयापर्यंत कमी करावी" अशी सूचना असते. एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर "मागणी १०० रुपयांनी कमी करावी" अशी. हजारो कोटींच्या मागणीसमोर उभा राहून गंभीरपणे शंभर रुपये कमी करा म्हणणारा सदस्य, हा नियमांनीच लिहून दिलेला प्रवेश आहे. त्या शंभर रुपयांच्या आडून तो आपल्या मतदारसंघातल्या बंद पडलेल्या दवाखान्याबद्दल बोलतो, म्हणून हा प्रवेश हसवता हसवता गंभीरही होऊ शकतो. चर्चेसाठी ठरलेला वेळ संपला की उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. किती खात्यांवर चर्चाच झाली नाही ते त्या दिवशी मोजा.

राज्यात पुरवणी मागण्यांकडे, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा पैशांकडे, लक्ष ठेवा. पावसाळी अधिवेशनात मुंबईला आणि हिवाळ्यात नागपूरला त्या मांडल्या जातात. मार्चच्या भाषणाची टिपणं सोबत ठेवून त्यांची यादी वाचा, कोणत्या खात्याला मार्चमधले पैसे पुरले नाहीत ते परिच्छेद क्रमांकासह लिहून काढा, आणि पुढच्या वर्षीच्या प्रहसनाचा पहिला प्रवेश डिसेंबरातच लिहायला घ्या.